सुडो मेक इन्स्टॉलच्या आधीचं पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत ओपन सोर्स टूल्सवर आलेला लेख वाचला, चांगला होता, मराठीत असं काही छापून येतंय याचा खरंच आनंद झाला. पण लेखाच्या शेवटी जी चौकट दिलीय तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) डाउनलोड करा, टारबॉल (सगळ्या फाइल्सचं एक गाठोडं) उघडा, कॉन्फिगर चालवा, मेक चालवा, सुडो मेक इन्स्टॉल करा, झालं, एवढंच त्यात आहे. ज्याने हे दहा-पंधरा वेळा केलंय त्याला तेवढं पुरतं. जो पहिल्यांदा करतोय त्याचं घोडं मात्र त्या "झालं"च्या आधीच कुठेतरी अडतं, आणि अडल्यावर काय करायचं याबद्दल त्या चौकटीत एक शब्द नाहीये. दोष फक्त तुमचा नाही, बऱ्याच प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये (सोबत दिलेल्या माहितीच्या फाइलमध्ये) पण तो शब्द नसतोच.

मी बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, कंपाइलर (सोर्स कोडचं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारा), इंटरप्रिटर, डीबगर असली टूल्स सोर्सवरून बिल्ड करून, म्हणजे बांधून, टीमला देणं हा माझ्या कामाचा भाग आहे. मध्यंतरी आमच्याकडे नवीन जॉइन झालेली एक मुलगी एक छोटं टूल बिल्ड करत होती, आवृत्ती नवीन हवी होती म्हणून सोर्सवरून. तीन दिवस ती त्याच्याशी झटत होती आणि कोणाला काही बोलली नाही. चौथ्या दिवशी येऊन म्हणाली, सर, मला वाटतं हे माझ्या डोक्याच्या बाहेरचं आहे. मी तिच्या स्क्रीनवर बघितलं तर एररच्या शेदोनशे ओळी, आणि ती सगळ्यात खालची ओळ सर्च करत बसलेली, जिथे फक्त एवढंच लिहिलेलं असतं की मेक थांबलं, एरर दोन. त्या ओळीतून कोणालाच काही कळणार नाही, मला पण नाही. वर वर स्क्रोल करत पहिल्या एररपर्यंत गेलो तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, झेडलिबची हेडर फाइल सापडत नाही. झेडलिब ही डेटा आकसणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड, मशीनवर होती, पण तिच्यात काय काय आहे हे कंपाइलरला सांगणाऱ्या हेडर फाइल्स लिनक्सच्या बऱ्याच वितरणांमध्ये वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, कुठे त्या पॅकेजच्या नावामागे डेव्ह लागतं कुठे डेव्हल. ते एक पॅकेज टाकलं आणि काही मिनिटांत टूल तयार. त्या मुलीच्या डोक्यात काहीही कमी नव्हतं, रीडमीमध्ये एक ओळ कमी होती.

तीन दिवस गेले याचं मला तितकं वाईट नाही वाटलं जितकं तिच्या त्या वाक्याचं वाटलं. आणि ही एकटी नाही, मी अशी कितीतरी मुलं बघितली आहेत जी एखाद्या हेडर फाइलवर अडली आणि मनाशी ठरवून बसली की सोर्स वगैरे आपलं काम नाही, आपण तयार मिळतं तेच वापरायचं.

आता त्या तीन कमांड नेमकं काय करतात ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते. कॉन्फिगर ही एक भली मोठी शेल स्क्रिप्ट असते आणि तिचं काम मशीनला प्रश्न विचारणं. तुझ्याकडे सी कंपाइलर आहे का, हे फंक्शन आहे का, ती लायब्ररी आहे का, आणि बऱ्याचदा ती हे कशी तपासते तर चार-पाच ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून तो कंपाइल करून बघते, झाला तर हो, नाही झाला तर नाही. हे सगळं कॉन्फिग डॉट लॉग नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असतं, कुठला प्रोग्रॅम करून बघितला आणि कंपाइलर काय म्हणाला ते शब्दन् शब्द. स्क्रीनवर "नो" एवढंच दिसलं की ती फाइल उघडून बघायची, पण तशी फाइल असते हेच नवीन माणसाला कोणी सांगत नाही. हे सगळं आलं कुठून तर पूर्वी युनिक्सचे अनेक प्रकार होते, प्रत्येकात काहीतरी वेगळं, म्हणून लोक हाताने अशा स्क्रिप्ट लिहायचे, मग 1991 मध्ये डेव्हिड मॅकेंझी यांनी ऑटोकॉन्फ सुरू केलं, जे अशी स्क्रिप्ट आपोआप तयार करून देतं.

मेक त्याहून जुनं, 1976 चं, बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेलं. ते फाइलींच्या वेळा बघतं, सोर्स फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलपेक्षा नवीन असेल तरच परत कंपाइल करतं, म्हणूनच मशीनचं घड्याळ चुकलेलं असलं तर ते गडबडतं. त्याच्या फाइलमध्ये कमांडच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते, स्पेस दिल्या की "मिसिंग सेपरेटर" म्हणून थांबतं, आणि टॅब आणि स्पेस डोळ्यांना सारखेच दिसतात. फोल्डरच्या नावात स्पेस असली तरी बऱ्याच ठिकाणी बिल्ड मोडतं कारण मेक ते दोन वेगळे शब्द समजतं. पंचेचाळीस वर्षांहून जास्त वय असलेलं हे टूल आजही रोज वापरात आहे, मला त्याचा आदरच आहे, पण त्याच्या या दोन-तीन खोडी आधीच सांगून ठेवल्या तर नवीन माणसाच्या कित्येक संध्याकाळी वाचतील.

बिल्ड धडाम्‌दिशी फेल झालं तर एक बरं, निदान कळतं तरी. खरी मेख आहे ती अर्धवट यशस्वी होणाऱ्या बिल्डमध्ये. पायथनचंच घ्या. मशीनवर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या हेडर फाइल्स नसतील तरी पायथन सोर्सवरून व्यवस्थित बिल्ड होतो, मेक लाल काही दाखवत नाही, इन्स्टॉल पण होतं. शेवटी फक्त एक छोटी यादी येते की अमुक ऐच्छिक मॉड्यूलसाठी लागणाऱ्या गोष्टी सापडल्या नाहीत आणि त्यात एसएसएल असतं. ती यादी कोणी वाचत नाही. मग दोन दिवसांनी पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस उतरवणारं टूल, चालवायला जावं तर ते एकही पॅकेज आणू शकत नाही कारण एचटीटीपीएस बोलायलाच येत नाही त्या पायथनला, आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो, प्रॉक्सी तपासतो, फायरवॉलवाल्यांना फोन करतो. माझ्या पहिल्या नोकरीत मी स्वतः यात पूर्ण दीड दिवस घालवलाय आणि उत्तर दीड दिवस आधीच माझ्या स्क्रीनवर येऊन गेलेलं होतं. तेव्हापासून मी बिल्ड संपलं की शेवटच्या पन्नास-साठ ओळी वाचतोच वाचतो, आणि इन्स्टॉलच्या आधी मेक टेस्ट किंवा मेक चेक जे असेल ते चालवतो. तुमच्या चौकटीत ती पायरीच नाहीये.

आणि आता सुडो मेक इन्स्टॉल. हे वाचकांना असं थेट छापून देऊ नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. सुडो म्हणजे तुम्ही त्या स्क्रिप्टला सगळ्या मशीनच्या किल्ल्या देताय. बहुतेक प्रोजेक्ट ठरलेल्या सवयीने यूएसआर लोकल या फोल्डरखाली फाइल्स टाकतात, आणि पाथमध्ये, म्हणजे कमांड कुठे शोधायची त्या फोल्डरांच्या यादीत, ते फोल्डर साधारणपणे सिस्टिमच्या फोल्डरच्या आधी असतं, म्हणजे उद्यापासून पायथन थ्री असं लिहिलं की नवा पायथन येणार आणि जुन्यावर अवलंबून असलेल्या स्क्रिप्ट अचानक वेगळंच वागायला लागणार. पायथनवाल्यांनी यासाठी मेक ऑल्टइन्स्टॉल असा वेगळा मार्ग दिलाय, तो पायथन थ्री या नावाला हात लावत नाही, आवृत्तीचा नंबर लावूनच फाइल ठेवतो, आणि त्यांच्या रीडमीमध्ये हे लिहिलेलं आहे. शिवाय टाकलेलं काढायचं कसं? काही प्रोजेक्टमध्ये मेक अनइन्स्टॉल असतं, बऱ्याच ठिकाणी नसतं, पायथनमध्येच नाही. मग शेकडो फाइल्स कुठे कुठे पडल्यात ते शोधत बसायचं.

त्यापेक्षा कॉन्फिगरला प्रीफिक्स, म्हणजे फाइल्स कुठे टाकायच्या तो पत्ता, म्हणून आपल्याच होम फोल्डरमधलं एक वेगळं फोल्डर द्या, प्रत्येक टूलला आणि प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र. सुडो लागत नाही, दुसऱ्या कशाला धक्का लागत नाही, नको झालं की फोल्डर उडवा, विषय संपला. फक्त पाथमध्ये ते फोल्डर घालावं लागतं, आणि टूलसोबत शेअर्ड लायब्ररी असेल तर ती कुठे शोधायची हेही सांगावं लागतं, नाहीतर प्रोग्रॅम चालू करताना "शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही" असं येतं आणि माणसाला वाटतं बिल्ड चुकलं, बिल्ड बरोबरच असतं, लोडरला, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणाऱ्याला, पत्ता माहीत नसतो एवढंच. यूएसआर लोकलमध्ये टाकलं असेल तर एलडीकॉन्फिग ही लायब्ररींची यादी ताजी करणारी कमांड एकदा चालवली की बहुतेक वेळा हे सुटतं.

मोठ्या टूल्सची तर वेगळीच तऱ्हा. एलएलव्हीएम हा कंपाइलरच्या टूल्सचा मोठा संच डीबग मोडमध्ये बिल्ड करायला घ्या, निन्जा (मेकसारखंच बिल्डचं टूल) जितके कोअर तितकी कामं एकदम काढतो, कंपाइल होईपर्यंत ठीक, लिंकिंग, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणं, आलं की एकेका लिंकरला कित्येक जीबी मेमरी लागते, मशीन गोठतं आणि शेवटी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कंपाइलरला नाहीतर लिंकरलाच मारून टाकतो. स्क्रीनवर फक्त "किल्ड" येतं. कोडमध्ये चूक शोधायला जाल तर सापडणार नाही, कारण ती नाहीच, मेमरी संपलीय. एकावेळी किती लिंक चालवायच्या याचं वेगळं सेटिंग तिथे आहे, ते एक-दोनवर ठेवलं की साधं मशीनही सावकाश का होईना पार पडतं. जीसीसी हा कंपाइलर बिल्ड करणाऱ्याने आधी जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन लायब्ररी हव्यात हे जाणून घ्यावं, त्या आणायला सोर्समध्येच एक तयार स्क्रिप्ट दिलेली आहे, आणि सोर्सच्या फोल्डरमध्ये बिल्ड करू नये, बाहेर वेगळं फोल्डर करून तिथून कॉन्फिगर चालवावं. हे त्यांच्या सूचनांमध्ये आहे, पण चौकट वाचून बसलेला माणूस त्या सूचनांपर्यंत जातच नाही.

जीसीसीची एक गोष्ट मला फार आवडते म्हणून थोडं विषयांतर. 1987 मध्ये पहिल्यांदा आलेला हा कंपाइलर आज बिल्ड करताना तीन वेळा बांधला जातो. मशीनवर जो कंपाइलर आहे त्याने पहिला, त्या पहिल्याने तोच सोर्स परत घेऊन दुसरा, दुसऱ्याने तिसरा, आणि मग दुसरा आणि तिसरा यांच्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल होऊन निघालेल्या फाइल्स) बाइट बाइट जुळतात का ते बघतात. नाही जुळल्या तर कुठेतरी गडबड आहे. मी पहिल्यांदा हे बघत बसलो होतो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि शेवटी तुलना यशस्वी अशी ओळ आली, इतकं समाधान मला फार थोड्या गोष्टींनी दिलंय. गो या भाषेचा कंपाइलर आधी सीमध्ये होता, 2015 च्या 1.5 आवृत्तीपासून तो गोमध्येच लिहिलेला आहे, म्हणजे गो बांधायला आधी गो लागतो. रस्ट या भाषेचा पहिला कंपाइलर ओकॅमल या दुसऱ्या भाषेत होता, 2011 मध्ये तो स्वतःला कंपाइल करायला लागला, आणि आज रस्ट बिल्ड करताना आदल्या आवृत्तीचा तयार कंपाइलर आधी उतरवून घेतला जातो. म्हणजे आपण "सोर्सवरून बांधलं" म्हणतो तेव्हाही मुळाशी दुसऱ्या कोणीतरी बांधलेली एक बायनरी, म्हणजे तयार चालणारी फाइल, असतेच.

हे नुसतं कुतूहल म्हणून सांगत नाहीये. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक, केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या, 1984 मध्ये छापून आलेल्या भाषणात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं, की कंपाइलरलाच असं शिकवता येतं की लॉगिन प्रोग्रॅम दिसला की त्यात चोरवाट घालायची आणि कंपाइलरचा सोर्स दिसला की त्यात हे शिक्षण परत घालायचं, मग सोर्स कितीही वाचा, त्यात काहीच दिसणार नाही. आणि चाळीस वर्षांनी, मार्च 2024 मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइल आकसणाऱ्या टूलचं प्रकरण झालं. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये चोरवाट घातलेली होती, ती सुरू करणारा तुकडा कुठे होता तर बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये, आणि तोही गिटमधल्या, म्हणजे सगळ्यांसमोर बदल नोंदवले जातात त्या, कोडमध्ये नाही, फक्त रिलीज म्हणून दिलेल्या टारबॉलमध्ये, बाकीचा माल चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींमध्ये लपवलेला. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रे डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दुरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून ते उघड झालं. विचार करा, सगळं जग सी फाइली वाचत होतं आणि लपवणाऱ्याने जागा निवडली बिल्डची, कारण त्याला माहीत होतं की तिथे कोणी बघत नाही.

म्हणून मला राग येतो जेव्हा लोक म्हणतात की बिल्ड वगैरे किरकोळ भाग आहे, खरा कोड वेगळा. जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सची 1991 ची दुसरी आवृत्ती काढून बघा, त्यात संपूर्ण सोर्स कोड म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि तिच्यात कंपाइल आणि इन्स्टॉल करायला लागणाऱ्या स्क्रिप्टसुद्धा मोडतात. ज्यांनी ते लायसन्स लिहिलं त्यांना तेव्हाच कळलं होतं की नुसत्या सी फाइली हातात देऊन भागत नाही. दुसऱ्या माणसाच्या मशीनवर ज्याचं बिल्ड होत नाही तो सोर्स वाचण्यापुरता उघडा आहे, बदलायला आणि वापरायला बंदच आहे. मी चार-पाच प्रोजेक्टमध्ये बिल्डबद्दल तक्रार टाकलीय आणि एका ठिकाणी उत्तर आलं होतं, माझ्या मशीनवर होतं, आणि इश्यू बंद. त्या माणसाच्या मशीनवर सहा वर्षं साचलेल्या लायब्ररी होत्या, त्याचं तर होणारच ना!

मान्य आहे, रोजच्या कामाला सोर्सवरून काही बांधायची गरज नसते, पॅकेज मॅनेजर आहे, तो वापरावा, मी पण वापरतो, त्यात सुरक्षेचे अपडेट आपोआप येतात जे हाताने बांधलेल्या टूलला येत नाहीत. पण एखाद्या बगची दुरुस्ती कालच आलीय आणि पॅकेज यायला वेळ आहे, किंवा मशीनवर रूटचे, म्हणजे ॲडमिनचे, अधिकार नाहीयेत, किंवा आपल्यालाच टूलमध्ये दोन ओळी बदलून बघायच्यात, तेव्हा दुसरा रस्ता नसतो. आणि ज्याला कधीतरी अशा टूलमध्ये स्वतः योगदान द्यायचंय त्याची तर पहिली पायरीच ही. तिथेच तो पडला तर पुढचं सगळं बुडालं, त्याचंही आणि प्रोजेक्टचंही.

जे वाचक असली टूल्स लिहितात त्यांना हात जोडून सांगणं आहे, रिलीजच्या आधी एक कोरं मशीन घ्या, कंटेनर (मशीनच्या आतच वेगळी केलेली कोरी जागा) घेतला तरी चालेल, ज्यात काहीच टाकलेलं नाही, आणि आपलीच रीडमी समोर ठेवून जशीच्या तशी टाइप करत जा, मनाने काही भरू नका. जिथे अडाल ते लिहा. कुठले डेव्ह पॅकेज लागतात, कंपाइलरची कमीत कमी कुठली आवृत्ती, किती मेमरी, किती डिस्क, साधारण किती वेळ, आणि काढायचं कसं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि ज्यांना येतं त्यांनी नवीन मुलांच्या शेजारी एकदा बसा, पहिली एरर शोधायला शिकवा, शेवटची नाही. एरर कॉपी करताना पूर्ण कॉपी करायला सांगा, आणि मराठीत समजावून सांगा, एरर इंग्रजीत असली म्हणून समजावणं इंग्रजीत असायला हवं असं काही नाही.

तुम्हाला विनंती एवढीच, पुढच्या अंकात ती चौकट दुरुस्त करून परत छापा. कॉन्फिगरच्या आधी प्रोजेक्टची इन्स्टॉल फाइल वाचा आणि चेकसम तपासा (उतरवलेली फाइल मूळच्यासारखीच आहे ना ते) असं घाला, कॉन्फिगरला होम फोल्डरमधला प्रीफिक्स द्या, मेकनंतर मेक चेक घाला, आणि सुडो काढून टाका. जागा कमी पडत असेल तर लेखातला फोटो लहान करा, पण हे छापा. आणि खाली एक ओळ टाका, अडलात तर कॉन्फिग डॉट लॉग आणि पहिली एरर बघा.

त्या मुलीबद्दल राहिलं. त्या दिवशी संध्याकाळी तिने त्या टूलच्या रीडमीमध्ये झेडलिबच्या पॅकेजची ओळ घालून प्रोजेक्टला पाठवली, दोन वितरणांची दोन्ही नावं शोधून नीट लिहिली होती. आठवड्याभरात ती घेतली गेली. आता नवीन कोणी आलं आणि बिल्डमध्ये अडलं की आम्ही तिच्याकडेच पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक